सूर्य मंद होता, तरी समुद्र गोठला नाही



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी मुलांना गणित आणि विज्ञान सांगण्याचे काम माझ्याकडे आहे. खरे तर मी बी.कॉम.चा माणूस. कचेरीत दिवसभर खतावण्या आणि व्हाउचरे. विज्ञान मला जमते ते मुलांच्या एक पान पुढे राहून. मध्यंतरी सूर्याचा धडा चालू होता. सूर्य जन्मला तेव्हा आजच्यापेक्षा बराच मंद होता, त्याचा प्रकाश आजच्या सुमारे ७० टक्केच होता, असे मी एका पुस्तकातून वाचून सांगितले आणि पुढे निघालो. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या, नववीतल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "काका, मग तेव्हा समुद्र गोठला नाही का? मागच्या रविवारी तुम्हीच सांगितलंत, साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी समुद्रात जीव होते म्हणून."

मी गप्प. दोन्ही गोष्टी मीच सांगितल्या होत्या आणि दोन्ही एकमेकींना खोटे पाडत होत्या. "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. नंतर कळले की तिने शाळेतही हेच विचारले होते आणि "ते परीक्षेला नाही" एवढे उत्तर तिला मिळाले होते. माझे "पुढच्या रविवारी" तरी त्याहून कुठे मोठे होते! म्हणून मग रात्री जेवणे झाल्यावर वाचायला बसलो. आणि पहिलीच गोष्ट अशी कळली की या पोरीचा प्रश्न साधासुधा नाही. १९७२ साली कार्ल सेगन आणि जॉर्ज मलेन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न 'सायन्स' या नियतकालिकात मांडला होता. तेव्हापासून पन्नास वर्षांहून अधिक काळ जगभरची मोठमोठी डोकी त्यावर खर्ची पडली आहेत.

आधी सूर्य मंद का होता ते पाहू. सूर्याच्या पोटात हायड्रोजनपासून हेलियम तयार होतो आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. हायड्रोजनचे चार अणुगर्भ मिळून हेलियमचा एक होतो. म्हणजे गाभ्यातल्या कणांची संख्या हळूहळू घटत जाते. कण कमी झाले की आतून बाहेर रेटणारा दाब कमी पडू लागतो, वरच्या थरांचे ओझे गाभ्याला आणखी दाबते, गाभा अधिक तापतो आणि तापला की हायड्रोजन अधिक जोमाने जळतो. त्यामुळे वय वाढते तसा सूर्य मंद न होता तेजस्वी होतो. ही वाढ फार सावकाश आहे, साधारण अकरा कोटी वर्षांत एक टक्का. सूर्याचे वय सुमारे ४५७ कोटी वर्षे. उलट्या क्रमाने मोजत गेलो की चारशे कोटी वर्षांपूर्वी तो आजच्या तीन-चतुर्थांश एवढाच तळपत होता हे निघते. हे गणित ताऱ्यांच्या अभ्यासात इतके पक्के बसले आहे की त्याला हात लावायला सहसा कोणी धजत नाही.

आता दुसरी बाजू. त्या काळी पाणी होते याचा पुरावा काय? पुरावा दगडांत आहे. ग्रीनलंडमध्ये इसुआ नावाच्या भागात ३७० ते ३८० कोटी वर्षांपूर्वीचे खडक आहेत. त्यांत लाव्हाचे गोल गोल दगड उशांसारखे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. तापलेला लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की त्याची कातडी चटकन थिजते आणि अशा उशा तयार होतात. आजही समुद्राच्या तळाशी त्या तशाच होतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स येथे तर झिरकॉन नावाच्या खनिजाचे वाळूच्या कणाएवढे स्फटिक सापडले आहेत. त्यांतला सर्वांत जुना ४४० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यातल्या ऑक्सिजनच्या तपासणीवरून, तो ज्या खडकातून घडला त्याला पाणी लागले होते, असा निष्कर्ष २००१ साली मांडला गेला. म्हणजे पृथ्वी जेमतेम घडली न घडली तोच तिच्यावर पाणी होते.

मग हिशेब बसत नाही. आजच्या पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअस आहे. हवेतले कार्बन-डाय-ऑक्साइड, पाण्याची वाफ वगैरे काढून टाकले तर ते उणे १८ अंशांवर जाईल, म्हणजे ३३ अंशांची ऊब ही या हवेच्या पांघरुणाची आहे. आता आजचीच हवा ठेवा आणि सूर्य पाव हिश्शाने मंद करा. सेगन आणि मलेन यांनी हेच केले. उत्तर आले की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीपर्यंत समुद्र गोठलेलेच असायला हवे होते. एकीकडे गणित सांगते बर्फ, दुसरीकडे दगड सांगतात पाणी. कचेरीत जमा आणि नावे यांच्या बेरजा जुळल्या नाहीत की आम्ही कारकून काय म्हणतो? कुठेतरी एक नोंद राहिली आहे. ती शोधल्याशिवाय घरी जायचे नाही.

ती नोंद कुठली असू शकेल हे मुलांना सांगताना मी फळ्यावर पिंप काढले. आपल्या चाळीत मोरीजवळ असते तसे, खाली छोटेसे भोक पडलेले. नळ चालू आहे, खालून पाणी गळते आहे. पाणी जितके वर चढेल तितके ते भोकातून जोराने गळते, म्हणून एका पातळीला येऊन ते थांबते. तिथे जितके येते तितकेच जाते. नळ म्हणजे सूर्य, गळती म्हणजे पृथ्वीवरून अवकाशात निघून जाणारी उष्णता आणि पिंपातली पातळी म्हणजे आपले तापमान. आता नळाची धार पाव हिश्शाने बारीक झाली, तरी पातळी तीच ठेवायची असेल तर काय कराल? पोरे एका आवाजात म्हणाली, "भोक बारीक करायचं." अगदी तेच. घरातली मिळकत घटली तर आई काय करते? १९८२ च्या गिरणी संपात घरोघरच्या बायांनी काय केले ते आमच्या मागच्या पिढीला ठाऊक आहे. जाणारे रोखून धरले. पृथ्वीनेही जाणारी उष्णता रोखून धरली असणार, म्हणजे तिचे पांघरूण आजच्यापेक्षा जाड असणार. प्रश्न उरला तो पांघरूण कशाचे होते एवढाच.

सेगन आणि मलेन यांनी सांगितले, अमोनियाचे. सार्वजनिक मुतारीत नाकाला झोंबतो तोच हा वायू. उष्णता अडवण्यात तो फार तरबेज, जरासा असला तरी पुरे. कल्पना छान होती, पण टिकली नाही. त्या काळी हवेत ऑक्सिजन नव्हता, त्यामुळे ओझोनची छत्रीही नव्हती. सूर्याचे अतिनील किरण थेट खाली येत आणि अमोनियाचे रेणू फोडून टाकत. काही दशकांत सगळा अमोनिया संपला असता, हे १९७९ साली गणिताने दाखवले गेले. सेगन मोठा माणूस, जगभर नाव झालेला. तरी कोणी त्याच्या नावाकडे पाहून गप्प बसले नाही, आणि त्यानेही प्रश्न सोडला नाही. डिसेंबर १९९६ मध्ये तो वारला. त्यानंतर काही महिन्यांनी, १९९७ साली, ख्रिस्तोफर चायबा यांच्याबरोबर त्याने लिहिलेला लेख छापून आला. अमोनियाच्या वर धुरकट थर असेल तर तो त्या छत्रीखाली टिकू शकेल का, असा त्या लेखाचा विषय. पंचवीस वर्षांनंतरही तोच प्रश्न डोक्यात! माझ्या मते सेगनचे मोठेपण त्याच्या उत्तरापेक्षा या प्रश्नात अधिक आहे.

अमोनिया बाद झाला त्याच १९७९ साली टोबियास ओवेन, रॉबर्ट सेस आणि वीरभद्रन रामनाथन या तिघांनी कार्बन-डाय-ऑक्साइडचे नाव पुढे केले. यातले रामनाथन हे तमिळनाडूत जन्मलेले. इंजिनिअर झाल्यावर त्यांनी सिकंदराबादला फ्रिजच्या कारखान्यात नोकरी केली. फ्रिजमधला वायू गळतो का, हे पाहण्याचे काम. पुढे अमेरिकेत गेल्यावर १९७५ साली त्यांनीच दाखवून दिले की हा फ्रिजमधला वायू हवेत जाऊन उष्णता जबरदस्त अडवतो. कारखान्यातले काम असे कुठल्या कुठे उपयोगी पडते. या तिघांचे म्हणणे होते की प्राचीन हवेत कार्बन-डाय-ऑक्साइड आजच्या कितीतरी पट असेल, तर मंद सूर्याची भरपाई होऊ शकते. आणि एवढा वायू कमी पडण्याचे कारण नाही, कारण पृथ्वीवरचा बहुतेक कार्बन आज चुनखडीसारख्या खडकांत बंद आहे. शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन आहे त्याच तोडीचा साठा आपल्याकडेही आहे. फरक एवढाच की शुक्राचा हवेत आहे, म्हणून तो ४६० अंशांना भाजतो आहे.

आता मला आवडलेली गोष्ट. नुसते जाड पांघरूण असून भागत नाही. सूर्य हळूहळू तेजस्वी होत गेला, तर पांघरूणही हळूहळू पातळ व्हायला हवे, नाहीतर सगळे उकडून निघेल. हे कोणी केले? १९८१ साली जेम्स वॉकर, पॉल हेज आणि जेम्स कास्टिंग यांनी याचे उत्तर दिले. ते समजायला आपल्या महाराष्ट्रातला माणूस फार सोयीच्या जागी बसला आहे, कारण आपण काळ्या दगडावर राहतो. सह्याद्री ज्याचा आहे तो बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हातून थिजलेला. आपला पाटा-वरवंटा त्याचाच. पाऊस पडतो तेव्हा पाण्यात हवेतला थोडा कार्बन-डाय-ऑक्साइड विरघळतो. सोडा-वॉटरमध्ये असतो तसाच, पण अगदी थोडा. हे किंचित आंबट पाणी दगडाला युगानुयुगे कुरतडते. दगडाची माती होते, आपली काळी माती अशीच झाली, आणि दगडातले कॅल्शियम पाण्याबरोबर वाहत जाते. काही तिथेच थांबते; शेतात नांगर धरणाऱ्यांनी काळ्या मातीतले पांढरे चुनखडीचे खडे पाहिले असतील. बाकीचे समुद्राला मिळते आणि तिथे शिंपले-प्रवाळांच्या किंवा गाळाच्या रूपाने चुनखडी बनून तळाशी बसते. पाणी तापवायच्या हंड्याच्या तळाशी पांढरा क्षार धरतो, तोच पदार्थ. अशा रीतीने हवेतला कार्बन दगडात कैद होतो. पुढे समुद्राचा तळ जमिनीखाली सरकत जातो, पोटात तापतो आणि कार्बन ज्वालामुखीवाटे पुन्हा हवेत येतो.

यातली खुबी पाहा. पृथ्वी गार पडली तर पाऊस कमी होतो, दगड कमी झिजतो, हवेतला कार्बन खर्च होत नाही. ज्वालामुखी मात्र आपले काम थांबवत नाहीत. म्हणून वायू साठतो आणि ऊब परत येते. उलट पृथ्वी तापली तर पाऊस वाढतो, दगड जोरात झिजतो, वायू कमी होतो आणि पृथ्वी थंड होते. इस्त्रीत असते ना आपोआप बंद-चालू होणारी कळ, तशी. सूर्य तेजस्वी होत गेला तसतसा हा दगड-पावसाचा व्यवहार कार्बन खडकांत जमा करत गेला. २०२० साली या साऱ्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या शास्त्रज्ञांनीही मुख्य भार याच उत्तरावर टाकला आहे.

हे मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत सांगितले, तर शेजारच्या टेबलावरचे साहेब डबा बंद करता करता म्हणाले, "बघा! म्हणजे पृथ्वी आपलं आपण बघून घेते. उगाच तापमानवाढीचा बाऊ करतात." त्यांना मी एकच विचारले, ही कळ चालू-बंद व्हायला किती वेळ लागतो? लाखो वर्षे! जगातले सगळे ज्वालामुखी वर्षभरात जेवढा कार्बन-डाय-ऑक्साइड सोडतात, त्याच्या पन्नास पटींहून अधिक आपण कोळसा-पेट्रोल जाळून सोडतो. हवेच्या दहा लाख भागांत तो १७५० च्या सुमारास २८० भाग होता, २०२४ साली ४२० च्या वर गेला. पावसाने दगड झिजून याची वजाबाकी होईल हे खरे, पण तोवर आपण तर सोडाच, आपली भाषासुद्धा कोणाला आठवणार नाही. साहेबांच्या घरी एसी आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता तान्हे मूल कसे झोपवायचे, याचे उत्तर बेसाल्टकडे नाही.

असो. मूळ गोष्टीकडे येतो, कारण ती अजून संपलेली नाही. एकट्या कार्बन-डाय-ऑक्साइडने सगळे भागले का, याबद्दल वाद आहेत. दुसरा उमेदवार मिथेन. गोबरगॅसमध्ये जळतो तोच. गुरांच्या पोटात आणि शेणाच्या टाकीत जे सूक्ष्म जीव तो बनवतात, त्यांचे पूर्वज त्या काळी ऑक्सिजनविना सुखाने नांदत होते. आज हवेत गेलेला मिथेन दहा-बारा वर्षांत नष्ट होतो. तेव्हा ऑक्सिजन नसल्याने तो हजारो वर्षे टिकत असावा. म्हणजे पृथ्वीला ऊब देण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचाही हातभार होता. मात्र तोही बेताचाच बरा. मिथेन फार झाला तर हवेत नारिंगी धुके धरते आणि ऊन अडते. शनीच्या टायटन या उपग्रहावर आज तसेच आहे.

या मिथेनचा शेवटही विलक्षण आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी निळ्या-हिरव्या जिवाणूंनी सोडलेला ऑक्सिजन हवेत साठू लागला. साधारण त्याच सुमारास पृथ्वीवर मोठे हिमयुग आले. त्याच्या खुणा कॅनडात ह्युरॉन सरोवराजवळच्या खडकांत आहेत. ऑक्सिजनने मिथेनचे पांघरूण खाऊन टाकले आणि पृथ्वी काकडली, असे बऱ्याच संशोधकांचे मत आहे. पुढे सुमारे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात तर दोनदा बर्फ विषुववृत्तापर्यंत पोचला. ती आपोआप चालणारी कळ कधीच अडकली नाही, असे कोणी समजू नये. त्या दोन्ही वेळी ज्वालामुखींचा वायू लाखो वर्षे साठत राहिला, तेव्हा कुठे बर्फ सुटला.

२०१० साली मिनिक रोझिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच मुद्दा काढला. जुन्या लोहखडकांतली खनिजे पाहता तेव्हा कार्बन-डाय-ऑक्साइड इतका जास्त नसावाच, असे ते म्हणाले. तेव्हा जमीन कमी होती, काळाभोर समुद्र जास्त होता आणि ढग विरळ होते, म्हणून ऊन अधिक शोषले गेले. पत्र्याला चुना मारला की खोली गार राहते आणि डांबर फासले की तापते, तसा हा हिशेब. इतरांनी उत्तर दिले की तेवढ्याने भागत नाही. हा वाद मी मुलांना थोडक्यातच सांगितला.

पण एका प्रयोगावर मात्र सगळी पोरे पुढे सरकून बसली. त्या काळची हवा किती दाट होती, हे कसे मोजायचे? हवेची बाटली तर कोणी भरून ठेवली नाही. दक्षिण आफ्रिकेत २७० कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेवर एक सर पडून गेली. थेंबांचे खळगे राखेत उमटले, वर आणखी राख पडली, दगड झाला आणि ते खळगे आजतागायत राहिले. हवा दाट असेल तर थेंब हळू पडतो आणि खळगा लहान होतो. संजॉय सोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आइसलंडच्या २०१० च्या ज्वालामुखीची राख आणली, २७ मीटर उंचीवरून तिच्यावर लहानमोठे थेंब सोडले आणि दोन्ही खळग्यांची मापे ताडून पाहिली. २०१२ साली त्यांनी सांगितले की तेव्हाची हवा आजच्या दुपटीहून दाट नव्हती. २०१६ साली त्यांनीच ऑस्ट्रेलियातल्या जुन्या लाव्हातले बुडबुडे मोजले, तर हवेचा दाब आजच्या निम्म्याहूनही कमी निघाला! म्हणजे हवा दाट होती म्हणून ऊब होती, ही वाटही अरुंद झाली.

हे ऐकून ती नववीतली मुलगी म्हणाली, "काका, आपल्या बिल्डिंगचा जिना चार मजल्यांचा आहे." पुढच्या रविवारी धडा झालाच नाही. पोरांनी विटांची भुकटी मैद्याच्या चाळणीने चाळली, बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात पसरली आणि औषधाच्या ड्रॉपरने पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्यावरून थेंब सोडले. निम्मे थेंब झाकणाबाहेर पडले, एक तळमजल्यावरच्या आजींच्या पापडांवर पडला आणि त्यांनी आमचा उद्धार केला. पण जे थेंब नेमके पडले त्यांचे खळगे तिने फूटपट्टीने मोजून वहीत लिहिले. पहिल्या आणि तिसऱ्या मजल्याच्या खळग्यांत फरक आहे. तिसऱ्या आणि चौथ्यात तो कितपत असेल, यावर सध्या अभ्यासिकेत दोन तट पडले आहेत.